एका खुणेचं घर

हिब्रू बायबलातलं स्तोत्रांचं पुस्तक उघडलं की पहिल्याच ओळीतला सहावा शब्द आहे ‘बअत्सत’. दुर्जनांच्या सल्ल्याने जो चालत नाही तो धन्य, अशा आशयाच्या वाक्यातला ‘सल्ल्याने’ सांगणारा तो शब्द. त्यातल्या त्सादी या अक्षराखाली दोन खुणा आहेत. एक छोटी आडवी रेघ, ‘अ’ या स्वराची. तिला पतह म्हणतात. तिला लागूनच वरच्या बाजूला उघडणारा एक बारीक कोन. या कोनाला स्वतःचा उच्चार नाही. तो काढून टाकला तरी शब्द तोच राहतो, अर्थही तोच राहतो. त्याचं नाव अतनाह हाफुख. संगणकाच्या जगात त्याचा क्रमांक आहे ०५ए२, आणि हा क्रमांक त्याला २००५ साली मिळाला. त्याच्या मागच्या-पुढच्या खुणांना आपापले क्रमांक १९९६ सालीच मिळाले होते. मधली नऊ वर्षं युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या तक्त्यात ०५ए१ नंतर थेट ०५ए३ येत असे, आणि मधलं घर मोकळं होतं.

त्या मोकळ्या घराने मला ओढून घेतलं. हिब्रूची मी पंडित नव्हे. अक्षरं कशी छापतात, यंत्राच्या पोटात ती कशी राहतात, याची मला पहिल्यापासून आवड. वेदांच्या स्वरखुणा देवनागरीत कशा बसवतात हे पाहता पाहता मी शेजारच्या लिपीच्या तक्त्यात शिरले आणि तिथेच रमले. सोळाच्या पायावर लिहिलेला तो चार खुणांचा क्रमांक पहिल्यांदा पाहताना कोरडा वाटतो. पण त्याच्यामागे कुणीतरी एक प्रश्न सोडवलेला असतो: ही खूण म्हणजे तिचा आकार, की तिचं काम?

आधी कामाबद्दल. सिनेगॉगमध्ये तोराची, म्हणजे बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांची, जी गुंडाळी वाचतात तिच्यात नुसती व्यंजनं असतात. स्वर नाहीत, विराम नाहीत, चाल नाही. वाचणाऱ्याने हे सगळं आधी खुणा असलेल्या पुस्तकातून पाठ करून यायचं आणि मग गुंडाळीसमोर उभं राहायचं. शेजारी एक जण पुस्तकात बोट ठेवून ऐकत असतो, चुकलं की थांबवतो. मुंबईत मांडवीला १७९६ साली बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या या मराठी बोलणाऱ्या समाजाने हिब्रूचं वाचन पुढच्या काळात कोचीनहून आलेल्या शिक्षकांकडून नव्याने शिकून घेतलं. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली याच समाजासाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहून मुंबईत छापलं. म्हणजे या अक्षरांखालच्या ठिपक्यांची आणि रेघांची ओळख मराठी वाक्यांतून करून देण्याला दोनशे वर्षं होत आली. आपल्याला हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

या खुणा बसवल्या त्या गॅलिली सरोवराकाठच्या तिबेरियसमध्ये. तिथल्या मासोरा, म्हणजे पाठ बिनचूक राखण्याची शिस्त, जपणाऱ्या पंडितांची परंपरा दहाव्या शतकात आरोन बेन आशेर याच्यापाशी कळसाला पोचली. इसवी ९३०च्या सुमाराचं, पुढे अलेप्पो शहरात जपलेलं पोथीरूप हस्तलिखित त्याच्या हातच्या खुणांचं मानतात. १९४७च्या दंगलीत अलेप्पोचं सिनेगॉग जळालं, पोथीतला तोराचा बहुतेक भाग हरवला, उरलेली पानं १९५८ साली जेरुसलेमला पोचली. पहिलं स्तोत्र उरलेल्या पानांत आहे. दुसरं मोठं हस्तलिखित इसवी १००८च्या आसपास कैरोत शमुएल बेन याकोब याने लिहिलं. ते आज सेंट पीटर्सबर्गच्या ग्रंथालयात आहे, संपूर्ण आहे, आणि अभ्यासकांच्या छापील आवृत्त्या व संगणकातले बहुतेक पाठ त्यावरच उभे आहेत.

प्रत्येक पठणखूण तीन कामं करते. शब्दात आघात कुठे आहे ते बहुधा दाखवते. शब्द कुठल्या सुरावटीत म्हणायचा ते सांगते. आणि पुढच्या शब्दाशी जोडून वाचायचा की तोडून, तेही सांगते. तोडणाऱ्या खुणांना परंपरेने राजे म्हटलंय, जोडणाऱ्यांना सेवक. प्रत्येक राजाचे सेवक ठरलेले आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यात सात शब्द आणि सात खुणा: तिपहा, मुनाह, एतनाहता, मेर्खा, पुन्हा तिपहा, पुन्हा मेर्खा, शेवटी सिल्लुक. ‘आरंभी देवाने निर्माण केलं’ इथे एतनाहता, म्हणजे वाक्याचा सर्वांत मोठा विराम. मग ‘आकाश’, जरा थांबा. मग ‘आणि पृथ्वी’, आणि वाक्य मिटलं. हे वाक्यविश्लेषण आहे. फरक इतकाच की ते म्हणता येतं.

एका खुणेपाशी मी नेहमी रेंगाळते, ती शल्शेलेत. लांबलेला, हेलकावे घेणारा सूर. गद्याच्या एकवीस पुस्तकांत मिळून ती सातदा येते, त्यातली चारदा तोरात. सदोम नगरी नष्ट होणार आहे, देवदूत लोटाला निघ म्हणतायत, आणि तो घुटमळतो: त्या ‘घुटमळला’वर शल्शेलेत. धन्याची बायको योसेफाला गळ घालते आणि तो नकार देतो: त्या ‘नकार दिला’वर शल्शेलेत. अब्राहामाचा सेवक विहिरीपाशी उभा राहून प्रार्थनेला तोंड उघडतो, आणि मोशे आरोनाच्या दीक्षाविधीत मेंढा कापतो, या दोन जागा उरलेल्या. जुन्या-नव्या भाष्यकारांनी या चारही ठिकाणी मनातली ओढाताण ऐकलीय. मूळ मजकुरात योसेफाच्या मनाबद्दल अवाक्षर नाही. जे आहे ते त्या एका शब्दावरच्या नागमोडी रेघेत. शल्शेलेतचा क्रमांक ०५९३. हा क्रमांक नसता तर संगणकातल्या योसेफाने क्षणात, सरळ आवाजात नकार दिला असता.

आणि बराच काळ तो तसा देतच होता. हिब्रूसाठी १९८८ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात फक्त अक्षरं होती. विंडोजच्या हिब्रू तक्त्यात स्वरांच्या खुणा आल्या, पठणखुणा नाहीत. रोजच्या हिब्रूला त्यांची गरजही नाही. तेल अवीवचं वर्तमानपत्र स्वरखुणासुद्धा न घालता छापतात. गरज होती ती बायबलाला. म्हणून १९८०च्या दशकात मिशिगन आणि क्लेअरमाँट इथल्या अभ्यासकांनी स्वतःचीच वाट काढली. साध्या इंग्रजी कळफलकावरची अक्षरं आणि विरामचिन्हं हिब्रू अक्षरांना नेमून दिली, आणि पठणखुणांसाठी दोन-दोन आकडे ठरवले. त्यांच्या पद्धतीत उत्पत्तीचं पहिलं वाक्य असं चालतं: ७३, ७४, ९२, ७१, ७३, ७१, ७५. छापील बायबलातली प्रत्येक खूण ओळखून हे आकडे भरायचे, पुन्हा तपासायचे. दिसायला हे पान विद्रूप, पण त्यात विचार खोल होता. वाक्याच्या शेवटच्या शब्दाखालची उभी रेघ, सिल्लुक, तिला त्यांनी ७५ दिले. शब्दात आघाताच्या आधी येणारी, उच्चार किंचित रोखून धरणारी उभी रेघ म्हणजे मेतेग, तिलाही बहुधा ७५च. कागदावर दोन्ही रेघा हुबेहूब सारख्या. इथे मात्र त्यांनी काम पाहिलं नाही, आकार पाहिला.

युनिकोडच्या २.० आवृत्तीत, १९९६ साली, पठणखुणांची जवळजवळ सगळी रांग आली. एतनाहता ०५९१वर, शेवटची त्सिनोर ०५एईवर. इथेही मेतेग आणि सिल्लुक यांना मिळून एकच क्रमांक राहिला, ०५बीडी. दोघी तिथे जाऊन पडतात, आणि कोण कुठली हे पुन्हा शोधावं लागतं. मला ही गोष्ट खुपते. सिल्लुक वाक्याच्या शेवटच्या शब्दातच येते, तेव्हा जागेवरून ओळखता येईल, असं त्यावर म्हणतात. पण शेवटच्या शब्दात सिल्लुकच्या आधी मेतेगही येऊ शकते. शिवाय जागेवरून ओळखता येणं हे कारण पुरेसं मानलं, तर त्याच तक्त्यातल्या दुसऱ्या निर्णयांचं काय करायचं? पश्ता आणि कद्मा या दोन खुणा आकाराने एक आहेत. पश्ता शब्दाच्या शेवटी डाव्या टोकाला बसते आणि तोडते, कद्मा आघाताच्या अक्षरावर बसते आणि जोडते. त्यांना दोन क्रमांक आहेत, आणि ते योग्यच आहे. येतिव आणि महापाख यांचंही तसंच. उलट शल्शेलेत काव्याच्या पुस्तकांत दोन कामं करते, पुढे उभी रेघ असली तर तोडते, नसली तर जोडते, पण तिला क्रमांक एकच. तक्त्याला एक सूत्र नाही. जुन्या छापखान्यांच्या सवयी, हस्तलिखितं, वापरणाऱ्यांची निकड, या सगळ्यांचे ठसे त्यावर आहेत.

आता त्या मोकळ्या घराकडे येते. बायबलाच्या चोवीस पुस्तकांपैकी तीन, स्तोत्रं, नीतिसूत्रं आणि इयोब, यांची पठणखुणांची व्यवस्था बाकी एकवीस पुस्तकांहून वेगळी आहे. ही काव्याची पुस्तकं, ओळी आखूड, म्हणून राजे निराळे आणि सेवकही निराळे. यातला एक बलाढ्य राजा ओले व्योरेद. तो एका खुणेचा नाही. एक भाग अक्षराच्या वर, दुसरा पुढच्या अक्षराखाली. संगणकात तो दोन क्रमांकांनी, दोन अक्षरांवर लिहावा लागतो. पहिल्या स्तोत्रात ‘रशाइम’, म्हणजे दुर्जन, या शब्दावर तो आहे. त्याच्या आधी ‘बअत्सत’खाली जो सेवक उभा आहे, तो आपला अतनाह हाफुख.

गद्याच्या पुस्तकांत जवळजवळ याच आकाराची एक खूण आहे, येरह बेन योमो. तीही वर उघडणारी, तीही सेवक. पण तिचा राजा एकच, कार्णे फारा, गाईच्या शिंगांसारखी दिसणारी खूण, आणि तो राजा सबंध बायबलात सोळा वेळा येतो. तोरात तर एकदाच, गणनेच्या पस्तिसाव्या अध्यायात, लेवीच्या वंशजांना द्यायच्या नगराबाहेर दोन हजार हात जमीन मोजायला सांगतात तिथे. बहुतेक छापील पुस्तकांत या दोन सेवकांना एकच ठसा वापरला, कारण ते एका पुस्तकात कधी समोरासमोर येतच नाहीत. १९९६च्या तक्त्यात येरह बेन योमो आला, ०५एए. अतनाह हाफुख आला नाही. नऊ वर्षं स्तोत्रांच्या संगणकी पाठात दुसऱ्याचा क्रमांक लावून तो काम करत राहिला. मार्च २००५मध्ये ४.१ आवृत्ती आली तेव्हा ०५ए२ हे घर त्याला मिळालं.

हा निर्णय मला मनापासून पटतो. दोन खुणा कधी एकत्र येत नाहीत, मग वेगळ्या कशाला, असं विचारणारा माणूस सबंध पुस्तक हातात धरून बसलेला असतो. पण मजकूर आता पुस्तकात राहत नाही. कुणी स्तोत्राची एकच ओळ उचलून दुसऱ्या लेखात ठेवतो, कुणी सगळ्या सेवकांची यादी करतो, कुणी तिथून सुरावट शिकवणारी आज्ञावली लिहितो. ओळ मूळ ठिकाणाहून निघाली की तिच्यासोबत जाते ती फक्त क्रमांकांची माळ. खुणेने आपलं काम आपल्याबरोबर घेऊन जायला हवं.

तक्त्यातलं सर्वांत अवघड दुखणं वेगळंच आहे, आणि ते नावाचं आहे. पहिल्या स्तोत्रात ‘हालख’, म्हणजे चालला, या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर डाव्या कोपऱ्यात एक आडवी झालेली नागमोडी खूण आहे. काव्यात तिला त्सिनोर म्हणतात. गद्यात हीच खूण, याच जागी, जार्का या नावाने येते. तिसरी एक छोटी खूण, त्सिनोरित, आकाराने तशीच पण अक्षराच्या बरोबर माथ्यावर बसते आणि तिचं काम निराळं. तक्त्यात दोन क्रमांक आहेत. अक्षराच्या डाव्या कोपऱ्यात बसणाऱ्या खुणेला नाव मिळालं ‘त्सिनोर’, आणि माथ्यावर बसणारीला नाव मिळालं ‘जार्का’. म्हणजे तोरातली खरी जार्का लिहायची तर ‘त्सिनोर’ नावाचा क्रमांक घ्यायचा, आणि ‘जार्का’ नावाच्या क्रमांकाने लिहायची त्सिनोरित. जो भाबडेपणाने नाव वाचून क्रमांक निवडेल, त्याची खूण अक्षराच्या कोपऱ्याऐवजी मध्यावर जाऊन बसेल.

मग नाव बदलत का नाहीत? युनिकोडचा नियम आहे: एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही. हा नियम २.० आवृत्तीपासून लागू, म्हणजे ज्या आवृत्तीत जार्का आली तिच्यापासूनच. नाव आलं आणि त्याच क्षणी गोठलं. नंतर तक्त्यात त्या दोन्ही क्रमांकांखाली बारीक टाइपात टीप घातली गेली, ही खूण अमुक जागी वापरा, ती तमुक नावानेही ओळखली जाते, अशी. नियम निष्ठुर वाटतो, पण त्याच्यामुळेच आज लिहिलेला मजकूर पन्नास वर्षांनी उघडता येईल. मराठीत फाँटागणिक निराळ्या सांकेतिक मांडणीत छापून ठेवलेली पुस्तकं आज उघडल्यावर जो अक्षरांचा चिखल दिसतो, तो ज्याने पाहिलाय त्याला या निष्ठुरपणाची किंमत कळते. चुकीचं नाव मी सोसेन, हलणारा क्रमांक नाही.

हेच दुखणं आपल्या घरातही आहे. देवनागरीच्या तक्त्यात ०९५१ या क्रमांकावर अक्षराच्या डोक्यावरची उभी रेघ आहे आणि तिचं नाव आहे ‘उदात्त’. ऋग्वेद पाठ केलेल्या कुठल्याही मुलाला विचारा: उदात्ताला खूणच नसते, अनुदात्ताखाली आडवी रेघ, आणि डोक्यावरची उभी रेघ स्वरिताची. नाव बदलणं शक्य नाही, म्हणून इथेही खाली टीप आहे की ही खूण मुख्यतः स्वरितासाठी वापरतात, क्वचित उदात्तासाठी. ते क्वचितही खरं आहे. मैत्रायणी संहितेच्या परंपरेत उभी रेघ उदात्तावरच येते. वेदाभ्यासक सातवळेकरांनी औंधच्या स्वाध्याय मंडळातून ही संहिता छापली. शतपथ ब्राह्मणात तर अक्षराखालची आडवी रेघ, जिला तक्ता ‘अनुदात्त’ म्हणतो, ती उदात्त दाखवते. सामवेदात रेघांऐवजी अक्षरांवर आकडे. वेदांच्या या बाकीच्या खुणांना क्रमांक मिळायला २००९ साल उजाडलं, ५.२ आवृत्ती. तिबेरियसचे पंडित आणि आपले शाखाध्यायी यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. दोघांनीही आवाज अक्षराच्या वर-खाली रेघांत बांधला, आणि दोघांच्याही रेघा यंत्रात शिरताना आकार आणि काम यांच्या फटीत अडकल्या.

फक्त एका बाबतीत आपण सुटलो. अक्षराला चिकटणाऱ्या प्रत्येक खुणेला युनिकोड एक वर्गांक देतं. दोन मजकूर सारखे आहेत का हे तपासायचं असलं की एका अक्षरावरच्या खुणा या वर्गांकाच्या चढत्या क्रमाने लावून घेतात. देवनागरीच्या काना, मात्रा, वेलांट्यांना वर्ग शून्य, म्हणून त्या जागच्या हलत नाहीत. हिब्रूच्या स्वरांना मात्र प्रत्येकी वेगळा वर्ग दिला गेला: हिरिक म्हणजे इकार १४, पतह १७, कामात्स १८. बहुतेक पठणखुणांना २२० किंवा २३०. एका अक्षराखाली एकच स्वर असेल तोवर हे चालतं. पण जेरुसलेमचं नाव बायबलात जवळजवळ सगळीकडे एक य गाळून लिहिलंय, आणि त्या गाळलेल्या य-चा इकार आधीच्या लामेद या अक्षराखाली येऊन बसतो. त्या लामेदखाली त्याचा स्वतःचा अकारही आहेच. आधी अकार, मग इकार, येरुशालाइम. वर्गांकाने लावलं की इकार पुढे येतो आणि अकार मागे पडतो. पठणखूण या दोघांच्या मध्ये बसायची, ती फेकली जाते शेवटी. ज्या नगरासाठी ही स्तोत्रं गायली त्याचंच नाव यंत्र उलटं लावत होतं. वर्गांक बदलणं तर २००१ सालच्या ३.१ आवृत्तीपासून बंद. मग २००२ साली आलेलं एक अदृश्य चिन्ह, ०३४एफ, दोन स्वरांच्या मध्ये घालतात. त्याचा वर्ग शून्य असल्याने त्याच्या अलीकडची खूण पलीकडे जात नाही. कागदावर काहीच दिसत नाही, पण पोटात ते उभं असतं. जेरुसलेमच्या नावात दरवेळी.

दहा आज्ञांच्या पानावर तर या सगळ्याची परीक्षा होते. तिथे एकाच शब्दांवर पठणाच्या दोन पूर्ण व्यवस्था एकत्र लिहिल्या आहेत. एक ‘वरची’, आज्ञेगणिक वाक्य मानणारी, सार्वजनिक वाचनाची. दुसरी ‘खालची’, नेहमीच्या वाक्यांची. ‘हत्या करू नको’ मधल्या क्रियापदात त्सादीखाली सिल्लुक आणि तिपहा दोन्ही आहेत, कारण एका व्यवस्थेत तिथे वाक्य संपतं, दुसऱ्यात फक्त जरा थांबायचं. त्याच शब्दाच्या पहिल्या अक्षरात कठोर उच्चाराचा ठिपका आहे आणि मृदू उच्चाराची रेघही. वाचणाऱ्याने एक संच उचलायचा आणि दुसरा डोळ्यांआड करायचा. यंत्र ते आपणहून करू शकत नाही. म्हणून काही पाठ दोन्ही व्यवस्था वेगळ्या काढून दोनदा लिहितात. मला एकत्र लिहिलेलं पान अधिक आवडतं. त्यात दोन्ही आवाज एका वेळी दिसतात.

२००५च्या आधी तयार झालेले, आणि नंतर कुणी हात न लावलेले संगणकी पाठ अजून आहेत. त्यांत अतनाह हाफुख दुसऱ्याच्या क्रमांकावरच बसलाय. ते दुरुस्त करणं कुणाही कष्टाळू माणसाला एका बैठकीत शक्य आहे, कारण नियम मासोरेती पंडितांनीच घालून ठेवलाय: स्तोत्रं, नीतिसूत्रं आणि इयोब या तीन पुस्तकांत जिथे जिथे ०५एए आहे तिथे ०५ए२ करायचं. मनात एक शंका येते. इयोबाच्या गोष्टीची सुरुवात आणि अखेर गद्यात आहे, आणि तिथल्या खुणाही गद्याच्या व्यवस्थेतल्या. तिथला ०५एए खरा असला तर? पण कार्णे फारा त्या गद्य भागात एकदाही येत नाही, आणि त्या राजाशिवाय येरह बेन योमो येत नाही. तेव्हा तिन्ही पुस्तकांत नियम बिनधोक चालवता येतो. उरलेल्या एकवीस पुस्तकांत मात्र हात आवरायचा. तिथे सोळा जागा आहेत: गणनेतली ती दोन हजार हात जमीन, यहोशवाच्या एकोणिसाव्या अध्यायातली वाटणी, एस्तेरच्या कहाणीत हामानने दुसऱ्यासाठी उभारलेला खांब, नहेम्याच्या एकट्या पुस्तकात चार. त्या मोजून पाहायच्या, सोळा भरल्या की फाइल जपून ठेवायची.